तीनदा बदललेली चिठ्ठी: वाचकांना एक खुलं पत्र

वाचकहो,

ग्रंथालयाच्या टेबलावर अभिप्रायांची वही असते ना, दोऱ्याने पेन्सिल बांधलेली, ती मी दर महिन्याला घरी नेतो. पुढची पुस्तकं कोणती घ्यायची हे ठरवणाऱ्या समितीत मी आहे, आणि खरं सांगायचं तर समितीपेक्षा माझा भरवसा त्या वहीवर जास्त. आत्मचरित्र असो की प्रवासवर्णन, तुमचा दोन ओळींचा शेरा मला पुरतो. 'मधली शंभर पानं गाळली तरी काही बिघडत नाही' असं कुणी लिहिलं की काय समजायचं ते मी समजतो.

या खेपेला मात्र वहीने मला तोंडघशी पाडलं. निमित्त एका कादंबरीचं. राजकारणावरची, थरारक, आणि बोलण्यात जरा तिरकी. नाव मुद्दाम लिहीत नाही. एक तर लेखकाशी माझं भांडण नाही. दुसरं म्हणजे तुम्ही लिहिलेले शेरे या जातीच्या कुठल्याही कादंबरीला जसेच्या तसे चिकटतील. माझी तक्रार तीच आहे.

झालं असं. पुस्तक आलं, पहिला शेरा पडला: 'मस्त! हलकंफुलकं. एका बैठकीत संपतं.' त्यावर विसंबून मी पाठीवर 'विनोदी' अशी चिठ्ठी डकवली आणि त्या कपाटात ठेवून दिलं. आठवड्याच्या आत परत. 'पहिल्या चाळीस पानांत दोन माणसं मरतात. हसायचं कधी?' चिठ्ठी खरवडली, 'थरारकथा' लावली. तिकडून निरोप आला: 'लेखकाला विषयाचं गांभीर्य नाही. खून पडलाय आणि पात्रं वाद घालतायत, फाईलवर सही कुणाची यावर.' मग 'राजकीय' ही तिसरी चिठ्ठी. त्या कपाटाच्या वाचकांनी एकच विचारलं: 'लेखक नक्की कोणाच्या बाजूचा?' आता पुस्तकाची पाठ डिंकाने इतकी जाड झाली आहे की शेजारचं पुस्तक ओढलं की हेही सोबत बाहेर येतं.

एकूण सतरा शेरे. मोजले मी. त्यातल्या चारांमध्ये, शब्द थोडे मागेपुढे करून, एकच वाक्य आहे: 'धड विनोदी नाही, धड थरारक नाही.' म्हणजे तुम्ही दोन तागड्या घेऊन बसलात. एकीत हसू किती ते टाकलं, दुसरीत छातीची धडधड किती ते टाकलं, आणि दोन्ही हलक्या भरल्या म्हणून पुस्तक परत. विनोदी पुस्तकाला पहिली तागडी ठीक, रहस्यकथेला दुसरी. पण या जातीच्या कथेत दोन्ही गोष्टी एकाच तागडीत असतात, निदान चांगल्या कथेत तरी.

उदाहरणाशिवाय हे हवेतलं वाटेल, म्हणून साठ वर्षांहून जुनी कादंबरी घेतो. शेवट फोडल्याचा आरोप आता कुणी करू नये. ग्रॅहम ग्रीनची 'अवर मॅन इन हॅवाना', १९५८ सालची. हवानात व्हॅक्यूम क्लीनर विकणारा वर्मोल्ड नावाचा एक सरळसाधा इंग्रज. पोरीचा खर्च झेपत नाही. अशात ब्रिटिश हेरखातं त्याला आपला माणूस म्हणून नेमतं आणि हाताखाली हेर जमव म्हणतं. हेर कुठून आणायचे? हा पठ्ठ्या कागदावरच नेमतो आणि त्यांचे पगार लावून घेतो. नुसत्या माणसांवर वरिष्ठांचं समाधान होईना, तेव्हा व्हॅक्यूम क्लीनरच्या सुट्या भागांची चित्रं भल्यामोठ्या मापाची म्हणून काढतो आणि डोंगरात चाललेलं गुप्त लष्करी बांधकाम म्हणून लंडनला धाडतो.

लंडनमधला तो प्रसंग पुन्हा वाचून बघा. साहेब चित्रं बघून थक्क झालेत, हे काहीतरी प्रचंड आहे म्हणतायत. समोर हॉथॉर्न बसलाय, वर्मोल्डला नेमणारा. त्याने ते दुकान डोळ्यांनी पाहिलेलं आहे. चित्रात काय आहे हे त्याच्या ध्यानात येतं आणि तो गप्प बसतो. कारण बोलला तर नेमणूक कुणी केली हा प्रश्न आला. या पानावर तुम्ही हसता. पण कथेतलं पुढचं सगळं संकट याच गप्प बसण्यातून निघतं. साहेबाचा विश्वास बसला, म्हणून जास्त पैसा आला, जास्त माणसं आली. ते पाहून शत्रूचाही विश्वास बसला. आणि कागदावर नेमलेल्या हेरांतल्या एका वैमानिकाच्या नावाचा हाडामांसाचा माणूस खरोखर मेला. मघाशी तुम्ही ज्या गोष्टीला हसलात तिनेच बळी घेतला. आता सांगा, इथे विनोद वेगळा काढून कसा तोलणार?

मी हीच कसोटी लावतो. पुस्तकातले विनोद मनातल्या मनात पुसून टाकायचे आणि गोष्ट उभी राहते का ते बघायचं. पडली, तर विनोद त्या घराचा खांब होता. उभी राहिली, तर ते दारावरचं तोरण. तसं असेल तर बिनदिक्कत लिहा की विनोद वरून चिकटवलेले आहेत. त्या शेऱ्याला मी मान देईन, आणि पुस्तक कोणत्या कपाटात ठेवायचं तेही मला कळेल.

स्टॅन्ली क्युब्रिकच्या 'डॉ. स्ट्रेंजलव्ह' या १९६४ च्या चित्रपटात हीच गोष्ट एका मिनिटात दिसते. अण्वस्त्रं घेतलेली विमानं निघाली आहेत. ती परत बोलावण्याचा संकेत एका अधिकाऱ्याला सापडलाय. राष्ट्राध्यक्षांना फोन लावायचा तर सार्वजनिक फोनला पुरेशी नाणी नाहीत. समोर कोकाकोलाचं यंत्र आहे, ते फोडलं तर नाणी मिळतील. आणि शेजारी उभा असलेला कर्नल ती खासगी मालमत्ता आहे म्हणून गोळी झाडायला का-कू करतोय. जग वाचवायचं की यंत्राची भरपाई कोण देणार हे बघायचं, असा पेच. इथे पोट धरून हसणारा आणि घड्याळाकडे बघून घामाघूम होणारा, दोघेही बरोबर आहेत आणि बहुधा दोघं एकच आहेत. हा चित्रपट मुळात पीटर जॉर्ज यांच्या एका पूर्ण गंभीर कादंबरीवरून निघालेला. क्युब्रिकने सुरुवात गंभीरच केली होती. पटकथा रचताना हास्यास्पद म्हणून ज्या गोष्टी तो बाजूला सारत होता, त्याच सगळ्यात खऱ्या वाटतात हे त्याला उमगलं आणि त्याने बाज बदलला.

आता दुसरा शेरा, जो मला सगळ्यात जास्त बोचला: 'असं प्रत्यक्षात कुठे होतं का?' सहा जणांनी लिहिलाय. एकाने तर 'लेखकाने सरकारी कारभाराचा अभ्यास करावा' असा सल्लाही जोडलाय.

मंडळी, अभ्यास केला तर काय सापडतं ते ऐका. दुसऱ्या महायुद्धात हुआन पुजोल नावाचा एक स्पॅनिश माणूस होता. इंग्रजांसाठी हेरगिरी करायची म्हणून त्यांच्याकडे गेला, त्यांनी हाकलला. मग तो जर्मनांचा हेर झाला आणि त्यांना म्हणाला, मी निघालो इंग्लंडला. गेला लिस्बनला. तिथे बसून पर्यटकांसाठीची एक पुस्तिका आणि असलीच छापील माहिती समोर ठेवून तो इंग्लंडमधून लिहितोय अशी पत्रं बर्लिनसाठी खरडू लागला. इंग्लंड त्याने पाहिलेलंच नव्हतं. पौंड, शिलिंग, पेन्स यांचा हिशोब त्याला जमेना, त्यामुळे खर्चाची बेरीज लावताना त्रेधा उडायची. ग्लासगोतली माणसं एक लिटर वाइनसाठी काहीही करतील, असंही त्याने लिहून टाकलं. ग्लासगो म्हणजे स्कॉटलंड, व्हिस्की-बिअरचा मुलूख; त्याबद्दल ज्याला थोडंफार माहीत आहे तो इथेच वही मिटेल. जर्मनांनी मिटली नाही.

१९४२ मध्ये इंग्रजांनी अखेर त्याला आपल्यात घेतलं, 'गार्बो' हे टोपणनाव दिलं, आणि त्याच्या हाताखालच्या हेरांची संख्या वाढत वाढत सत्तावीसवर गेली. सत्तावीसही काल्पनिक. त्यांतल्या लिव्हरपूलच्या हेराला एका मोठ्या आरमारी हालचालीची खबर द्यायला हवी होती, ती का दिली नाही याचं काहीतरी कारण हवं. म्हणून तो आजारी पाडला आणि मारला. स्थानिक वर्तमानपत्रात निधनाची बातमी छापून आणली. जर्मनांनी त्याच्या विधवेला निवृत्तिवेतन सुरू केलं. नसलेल्या माणसाच्या नसलेल्या बायकोला! १९४४ च्या नॉर्मंडी चढाईच्या वेळी, ही नुसती हूल आहे, खरा हल्ला फ्रान्सच्याच किनाऱ्यावरच्या पा-द-कॅलेला होणार, हे जर्मनांच्या गळी उतरवण्यात याच माणसाचा मोठा हात होता. त्याच वर्षी जर्मनीने त्याला आयर्न क्रॉस हे लष्करी पदक दिलं आणि ब्रिटनने एम.बी.ई. हा किताब.

ग्रीन स्वतः युद्धकाळात ब्रिटिश हेरखात्यात होता आणि पोर्तुगालचं काम बघत होता. लिस्बनमधले जर्मन हेर पैसे आणि बक्षिसी मिळवण्यासाठी मनाने अहवाल कसे रचून पाठवतात, हे त्याने तिथे पाहिलं. म्हणजे त्याच्या कादंबरीतला जो भाग तुम्ही 'अशक्य' म्हणून कापाल, तो त्याने कचेरीतून उचललेला आहे.

आणखी एखादं सांगू? १९२७ साली लायबेरियात राष्ट्राध्यक्षाची निवडणूक झाली. मताचा अधिकार असलेली माणसं पंधरा हजारांच्या आत. विजयी उमेदवार चार्ल्स किंग यांना पडलेली मतं दोन लाख त्रेचाळीस हजार. हा आकडा एखाद्या नवोदित लेखकाने हस्तलिखितात घातला असता तर संपादकाने समासात 'जरा कमी करा' असं लिहून परत पाठवला असता. गुप्तहेर खात्यांची चौकशी करणाऱ्या अमेरिकी सिनेटच्या चर्च समितीचा १९७५ चा अहवाल घ्या. क्युबाच्या फिडेल कॅस्ट्रोच्या बुटांत थॅलियम या विषारी धातूची पूड टाकून त्याची दाढी झडवायची, म्हणजे त्याचा रुबाब जाईल, हा सीआयएचा बेत त्यात रीतसर नोंदलेला आहे. बैठक झाली असेल. कुणीतरी इतिवृत्त लिहिलं असेल. 'दाढी' या शब्दावर कुणी हसलं असेल का, एवढंच मला कुतूहल आहे.

तेव्हा 'असं होतं का' हा प्रश्न या पुस्तकांना विचारू नका. हे पात्र, या खुर्चीत बसून, एवढ्या भीतीपोटी असं वागेल का, हे विचारा. हॉथॉर्न गप्प का बसला ते पटतं, म्हणून व्हॅक्यूम क्लीनर पटतो. तुम्ही शेरे लिहिलेल्या कादंबरीतला मंत्री दहाव्या प्रकरणात एक पत्र फाडत नाही, खिशात ठेवतो. का ठेवतो, ते मला पटलं नाही. सतरा जणांत एकानेही हे लिहिलेलं नाही. सगळे त्यातल्या हेलिकॉप्टरच्या प्रसंगावर तुटून पडलेत.

'लेखक कोणाच्या बाजूचा?' यावर फार वेळ घालवत नाही. बीबीसीवर १९८० मध्ये 'येस मिनिस्टर' ही मंत्री आणि नोकरशहांवरची विनोदी मालिका सुरू झाली. त्यातल्या मंत्र्याचा पक्ष कोणता, हे मालिकेने कधीच सांगितलं नाही. आणि त्या वेळच्या पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांची ती इतकी लाडकी की १९८४ साली त्यांनी त्यातल्या दोन नटांबरोबर एक छोटं प्रहसन स्वतः केलं. ज्यांच्या कारभाराची टर उडवली जायची त्यांनाच ती आवडली, हे मालिकेचं यश म्हणायचं की अपयश, यावर तुम्ही वहीत लिहिलंत तर मी आवडीने वाचेन. माझं मत अजून ठरलेलं नाही. पण पक्ष कोणता हे कळल्याशिवाय हसायचं की नाही ते ठरवता येत नसेल, तर अडचण पुस्तकाची नाही.

आता शेवटाकडे. 'शेवट पटला नाही.' हा शेरा पेन्सिलीने लिहून त्याखाली तीन रेघा मारल्या आहेत. तिसऱ्या रेघेला कागद फाटलाय. इतका राग आला म्हणजे पुस्तक आत पोचलं असणार, म्हणून मी त्या शेऱ्यावर बराच वेळ थांबलो. त्यांचं म्हणणं असं की कटाचा सूत्रधार पकडला जात नाही, उलट त्याला बढती मिळते, मग तीनशे पानं वाचली कशाला?

रहस्यकथेत गुन्हेगार सापडतो, कारण तिथे एकच माणूस बिघडलेला असतो आणि बाकीचं गाव ठीक असतं. राजकीय उपहासात तसं नसतं. 'सिंहासन' आठवा, अरुण साधूंच्या कादंबऱ्यांवरून १९७९ मध्ये जब्बार पटेलांनी केलेला. मुख्यमंत्र्यांना एका निनावी फोनवरून खबर मिळते की खुर्चीखाली सुरुंग लावलाय. तिथून पुढे सगळा थरार आहे, डाव-प्रतिडाव आहेत. आणि शेवटी? सुरुंग लावणाराच मंत्रिमंडळात नीट सामावला जातो, आणि हे सगळं जवळून पाहिलेला पत्रकार दिगू टिपणीस, म्हणजे निळू फुले, वेड्यासारखा हसत सुटतो. त्या जागी पोलिसांची गाडी आली असती, बेड्या पडल्या असत्या, तर तुम्ही निवांत घरी गेला असता. निळू फुल्यांचं ते हसणं आपण घरी घेऊन आलो. ग्रीनच्या वर्मोल्डचंही तेच. लबाडी उघडी पडते, तेव्हा हेरखातं त्याला तुरुंगात टाकत नाही. टाकलं तर खात्याची अब्रू जाईल. त्याला एक मानाचं पदक मिळतं आणि शिकवायची नोकरी. तुमच्या कादंबरीतली बढती याच घरातली आहे. ती तुम्हाला झोंबली हे लिहिलंत, फार बरं केलंत. पण ती झोंबणं हा पुस्तकाचा दोष म्हणून मांडलंत, तिथे माझं तुमच्याशी वाजतं.

तुम्ही सगळीकडे चुकलात असंही नाही. एका वाचकाने लिहिलंय, 'सगळी पात्रं सारखीच हजरजबाबी आहेत.' या शेऱ्याला मी मनातून नमस्कार केला. मंत्री, त्याचा स्वीय सहायक, पहारेकरी, सगळे एकाच तालात टोमणे मारतात, म्हणजे बोलतोय लेखक. या जातीच्या कथेतला खरा विनोद, आपण काही विनोदी बोललो हे ज्याला कळत नाही, त्याच्या तोंडी असतो. तो कर्नल यंत्राबद्दल अगदी मनापासून बोलतो, म्हणून तर तो प्रसंग चालतो. आणखी एकीने लिहिलंय की पात्रांची नावंच हसवण्यासाठी ठेवली आहेत, त्यामुळे पुढे त्यांच्या जिवाची काळजी वाटत नाही. हेही खरं. (स्ट्रेंजलव्हमधली नावंही तशीच आहेत आणि तिथे ती चालतात. का चालतात, मला नीट सांगता येत नाही.) हलकेपणाची हद्द कुठे संपते, हे करणाऱ्यालाही आधी ठाऊक नसतं. क्युब्रिकने त्या चित्रपटाच्या शेवटी युद्धकक्षात सगळे एकमेकांवर क्रीमचे केक फेकतात असा मोठा प्रसंग चित्रित केला होता. पुढे काढून टाकला. तुमच्या कादंबरीच्या लेखकाने बाराव्या प्रकरणातली पत्रकार परिषद काढली असती तर बरं झालं असतं, असं माझं मत. तुमचं?

एक कबुली देऊन टाकतो, नाहीतर कुणीतरी जुनी वही काढून दाखवेल. काही वर्षांपूर्वी अशाच एका पुस्तकावर मी स्वतः एका शब्दाचा अभिप्राय लिहिला होता: 'टाइमपास'. पुस्तक मी दोन रात्री जागून वाचलं होतं. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्र उघडलं, तर एका मंत्र्याच्या निवेदनातलं एक वाक्य वाचून मला ते पुस्तकातलं वाटलं आणि मी एकटाच मोठ्याने हसलो होतो. ते मी वहीत लिहिलं नाही. हसत हसत वाचलेल्या पुस्तकाबद्दल गंभीरपणे काही लिहायची लाज वाटली, दुसरं काय. तुमच्यातल्या बऱ्याच जणांचं तेच झालं असावं असा मला संशय आहे. एका बैठकीत तीनशे पानं संपवणारा माणूस 'ठीक आहे' असं लिहितो, तेव्हा तो काहीतरी लपवतोय.

मी त्या पुस्तकाच्या नावाने वहीत चार कोरी पानं सोडली आहेत. चांगलं, वाईट, पाचपैकी किती, हे नको. कोणत्या पानावर हसलात तो आकडा लिहा, आणि त्यानंतर किती पानांनी त्या हसण्याची पंचाईत वाटली तो आकडा लिहा. पंचाईत वाटलीच नसेल तर तसं लिहा. मधेच सोडलं असेल तर कुठे सोडलं ते लिहा, म्हणजे नंतर येणाऱ्याला तिथपर्यंतचा अंदाज येईल. शेवट फोडू नका, मी वर भरपूर फोडलेत. पाठीवरची तिसरी चिठ्ठीही काल ओल्या फडक्याने काढली. सध्या पुस्तक माझ्या टेबलावर आहे, चिठ्ठीविना.

त्यात ११२ व्या पानावर कुणाचीतरी घडी घातलेली पिवळी चिठ्ठी राहिली आहे. मी पान बघितलं. हॉथॉर्नसारखाच एक जण तिथे तोंड उघडता उघडता थांबतो. चिठ्ठी ज्यांची असेल त्यांनी येऊन पुस्तक पुन्हा न्यावं. मी ती जागची हलवलेली नाही.

आपला,
ग्रंथनिवड समितीतला एक सभासद